ब्रिलोनचा थांबा

मंगळवारी क्राइन हेमस्कर्क दोनदा दाढी करायचा. एकदा पहाटे घरी, लिलावाला निघण्याआधी, आणि पुन्हा जर्मनीतल्या ब्रिलोन गावाच्या अलीकडच्या वळणावर ट्रक थांबवून, बॅटरीच्या यंत्राने, आरशात हनुवटी वर करून. दुसऱ्या मार्गावर फुलांची गाडी नेणाऱ्या हाउखने एकदा त्याला तसं बघितलं आणि ती गोष्ट हॉलंडमधल्या राइन्सबुर्खच्या साऱ्या फूलवाल्यांत पसरवली.

"काय रे, जर्मनांना फुलं गालावर घासून विकतोस का?"

"फूल कोमेजलेलं चालत नाही, तसा विकणाराही चालत नाही," क्राइन म्हणायचा.

"मग बुधवारी का चालतो?"

क्राइन बादल्या लावायला वळायचा. हाउखलाही उत्तर नको असायचं.

वडिलांचंच काम तो करत होता, फुलांच्या एका कंपनीच्या ट्रकवर. लिलावात फुलं घ्यायची, ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर बादल्या लावायच्या आणि सीमा ओलांडून डोंगराकडे जायचं. ट्रक दुकानासमोर उभा राहिला, की दुकानदारीण शिडीने आत चढायची. आत दिवा, ओलावा, फुलांचा थंड वास. ती बोटाने देठ दाबायची, नाक मुरडायची, "हे कालचं आहे" म्हणायची, आणि तो "बाई, हे उद्याचं आहे" म्हणायचा. प्रत्येक फिरत्या गाडीची एक रीत होती: सगळ्यात आतल्या कोपऱ्यात एक-दोन बादल्या झाकून ठेवायच्या. त्या कुणाच्या, हे गाडीवाल्यालाच ठाऊक. बाई सगळं बघून उतरायला लागली, की तो कापड बाजूला करायचा. त्या क्षणाला तिच्या तोंडावर जे यायचं, त्यावर अर्धा धंदा चालायचा.

ब्रिलोनमध्ये त्या बादलीत फ्रीझियाची फुलं असायची आणि ती बाई होती रोस्विथा निगेमान.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. क्राइनची बायको यानेत्या त्यानंतर गेली, पोटाच्या आजाराने, एका उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात तो सगळ्या थांब्यांवर "ठीक आहे" म्हणत फिरला. ब्रिलोनमध्ये मात्र रोस्विथाने ट्रकमध्ये चढून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हेर क्राइन, आज मी काही घेत नाही. खाली या. कॉफी केली आहे." 'हेर' हे आडनावाआधी लागतं; क्राइन हेच त्याचं आडनाव, असा पहिल्याच भेटीत तिचा समज झाला होता. त्याने ते कधीच दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून मंगळवारची कॉफी सुरू झाली. दुकानाच्या मागच्या खोलीत, तारा, फिती आणि शेवाळाच्या पोत्यांमध्ये, दोन स्टुलांवर. ती केक करायची, वरून लोण्यात मळलेल्या पिठाचा चुरा घातलेला. त्याची जर्मन मोडकी होती आणि तिला डच येत नव्हती, पण दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारणी, कुंपणावरून बोलता यायचं. ती कॅथलिक, मेणबत्त्या लावणारी. तो राइन्सबुर्खच्या कडक चर्चातला, रविवारी सायकलही न काढणारा. ती त्याला चिडवायची, "तुमच्या देवाला कॉफी चालते ना?" तो म्हणायचा, "चालते. केकबद्दल त्याला सांगितलेलं नाही."

यापलीकडे काही नव्हतं. कुणी कुणाचा हात धरला नव्हता. निघताना ती दारापर्यंत यायची आणि ट्रक वळेपर्यंत उभी असायची. आठवड्यातले बाकीचे दिवस क्राइनला या एका दिवसाच्या दोन बाजूंना रचल्यासारखे वाटायचे. पण ट्रकशिवाय आपण त्या दारात उभे राहू शकू, हे त्याच्या मनातही येत नसे. फुलं विकणाऱ्याने फुलं विकायला जायचं असतं.

मग मोठ्या कंपन्या आल्या. त्यांची फुलं संगणकाच्या पडद्यावर दिसत, रात्री बसून निवडता येत, आणि भाव असे की क्राइनच्या कंपनीला लिलावातही तेवढ्यात माल मिळत नसे. दर महिन्याला कुणाच्या तरी मार्गावरचं एखादं दुकान गळू लागलं. म्हाताऱ्या मालकांची मुलगी माख्टेल्ड रॉटरडॅमला व्यापाराचं शिकून आली होती. लहानपणी याच ट्रकांच्या चाकांमागे लपाछपी खेळलेली मुलगी. तिने सगळ्या गाडीवाल्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं.

"भावात आपण त्यांना हरवू शकत नाही," ती म्हणाली. "आकारात तर नाहीच. मग आपल्याकडे असं काय आहे, जे त्यांच्याकडे नाही?"

"हाउखचे विनोद," मागून कुणी म्हणालं.

"ते द्या त्यांना, बुडतील," माख्टेल्ड हसली. "नाही, खरं सांगा. कुठल्या बाईला कधी काय लागणार, हे तिच्याआधी कुणाला कळतं? तुम्हाला. पण ते तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही आजारी पडलात की ते अंथरुणात पडतं. ते आपण एका ठिकाणी आणू. दुकानदारिणीने पडदा उघडला, की तिला बाजार दिसायला नको, तिची झाकलेली बादली दिसायला हवी. हे दुसऱ्या कुणाला विकत घेता येणार नाही."

 ती बरोबर बोलत होती, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच जो तो आपल्या कपात बघत बसला. शेवटी क्राइन म्हणाला, "माझ्यापासून सुरू कर."

त्याला त्यात अभिमान वाटला होता, हे खरं. पुढचे काही आठवडे तो तिच्या टेबलाशी बसे आणि एकेक दुकान सांगत जाई. कोण ऑक्टोबर संपताना थडग्यांसाठी पांढरी शेवंती दुप्पट घेते, कुणाला लाल गुलाबांचे देठ आखूड लागतात, कोण नाही म्हणते तेव्हा हो असतं. माख्टेल्ड भराभर भरत जाई आणि मधूनच थांबून म्हणे, "क्राइनकाका, हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही आजवर?"

"कुणी विचारलं नाही."

मग तिने प्रत्येक थांब्याला किती वेळ जातो ते विचारलं. हाउखने त्याला आधीच बजावलं होतं. "सगळीकडे पंधरा मिनिटं सांग. सगळे तेच सांगतायत. यंत्राला काय कळतंय?" पण क्राइनला खोटं जमत नसे.

"आणि ब्रिलोन?"

"दीड तास."

माख्टेल्डची बोटं थांबली. "दीड तास? त्या एवढ्याशा दुकानात? का?"

खिडकीबाहेर कुणी तरी रिकाम्या बादल्या एकात एक घालत होतं. क्राइन त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसला.

"कॉफी," तो म्हणाला.

तिने तेच भरलं.

माख्टेल्डचा डाव चालला. खरंच चालला. गळलेली दुकानं परत येऊ लागली. कुणाच्याच नोकऱ्या गेल्या नाहीत. फक्त काही मार्ग बदलले. जिथे वेळ फार आणि विक्री थोडी, तिथे फिरती गाडी बंद झाली. तिथला माल आता सूर्य उगवण्याआधी एक मोठा ट्रक दुकानांच्या मागच्या पडवीत ठेवून जाणार होता. क्राइनचा जवळजवळ सगळा मार्ग त्यात गेला. त्याला टेबल मिळालं, खिडकीजवळचं, आणि पगारही थोडा वाढून. डोंगरातली सगळी दुकानं पडद्यावरून तोच सांभाळणार होता. ट्रकची किल्ली आणि मार्गावर वापरायचा कंपनीचा फोन मात्र जमा करायचे होते.

शेवटच्या फेरीत प्रत्येक गाडीवाल्याने आपल्या दुकानदारिणींना पडदा वापरायला शिकवून यायचं, असं ठरलं.

ब्रिलोनमध्ये त्या मंगळवारी त्याने रोस्विथाच्या शेजारी स्टूल ओढलं. इतक्या वर्षांत ते नेहमी समोरासमोर बसत, शेजारी पहिल्यांदाच. तिच्या केसांना ओल्या देठांचा वास होता.

"इथे दाबा. हे तुमचं पान."

"आणि हे कोण? 'आपले मदतनीस: क. हेमस्कर्क.' बरा माणूस आहे का?"

क्राइनचे कान लाल झाले. "मीच तो."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली, डोळे पुसेपर्यंत. "इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीच्या नावाने हाक मारतेय? आणि तुम्ही ओ देताय?"

"मला आवडायची ती हाक."

 तिचं हसू थांबलं. बाहेर दुकानाची घंटा वाजली नाही, कुणी आलं नाही. ज्याला बोलायचं होतं त्याला भरपूर वेळ होता.

"मग आता तुम्ही कुठे असणार?" तिने विचारलं.

"ऑफिसात. पडद्याच्या त्या बाजूला."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी तुमचा माल पहाटे येईल. तुम्हाला थांबायची गरज नाही. झोपेत असतानाच येईल." हे कंपनीने छापून दिलेलं वाक्य होतं. ते आपल्या तोंडून गेलं, तेव्हाच आपण काय केलं हे त्याला कळलं, पण वाक्य गेलेलं होतं.

"सोयीचं आहे," रोस्विथा म्हणाली आणि कप उचलायला उठली.

ऑफिसातले दिवस वाईट नव्हते. सकाळी पडदा उघडला, की आधी तिची मागणी बघायची आणि मग बाकीच्यांच्या. मागणीखाली 'काही सांगायचं आहे?' अशी एक छोटी चौकट होती. बाकी बायका तिथे 'देठ लांब हवेत' वगैरे लिहीत. रोस्विथा लिही: 'इथे गारा पडल्या.' कधी: 'आज केक जळला.' क्राइन ते पुन्हा पुन्हा वाची. उत्तराची जागा त्या चौकटीत नव्हती. फोन उचलता आला असता. पण फोन करून म्हणायचं काय? केक का जळला? शेजारच्या टेबलांवर माणसं बसलेली असत. तो तिच्या बादलीत दोन जुड्या जास्त घालायला गोदामात सांगे आणि त्यालाच उत्तर समजे.

एकदा तिने लिहिलं: 'दर वेळी हे सगळं दाबत बसायचं म्हणजे डोळे दुखतात.' त्यावर क्राइनने माख्टेल्डला सुचवलं, की एक बटण असावं, 'नेहमीप्रमाणे'. एकदा दाबलं की तिच्या आवडीनिवडी, ऋतू, सण, सगळं लक्षात घेऊन मागणी आपोआप भरली जावी. माख्टेल्डने टेबलावर हात मारला. "काका, हेच! हे कुणाकडेच नाही!" शरदात ते बटण सुरू झालं. दुकानदारिणी खूष झाल्या. दुसऱ्या कंपन्यांकडे जायचा विचारही आता कुणाला सुचत नसे, कारण तिकडे पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

मात्र त्या बटणाने ती चौकट उघडत नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यापासून 'ब्लूमेन निगेमान'ची मागणी दर आठवड्याला 'नेहमीप्रमाणे' येऊ लागली. खाली काही नाही. क्राइनला वाटलं, बटणामुळे. आपणच तिचे डोळे वाचवायला तिची ओळ पुसली. पण मागणी बघून त्याला धीर येई. नाताळाआधी लाल अमॅरिलिस, जानेवारीत पहिले ट्यूलिप, आणि दर वेळी थोड्या फ्रीझिया: ती तिथेच होती, दुकानात, दिव्याखाली, देठ कापत. हिवाळाभर तो त्या यादीकडे असा बघत राहिला, जसं कुणी रस्त्यापलीकडच्या उजेड असलेल्या खिडकीकडे बघतं.

मार्चमध्ये एका शनिवारी त्याने गाडी काढली. स्वतःची, छोटी. फ्रीझियांची जुडी त्याने लिलावातून स्वतःसाठी घेतली होती आणि घरी बसून कागदात बांधली होती. जन्म फुलांत गेला, पण कुणाला हातात फूल नेऊन द्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती. गाडीत ती कुठे ठेवायची तेही त्याला कळेना. शेवटी शेजारच्या सीटवर ठेवून त्याने तिला पट्टा लावला. वाटभर तो एकच वाक्य जर्मनमध्ये घोळवत होता, की आज मी काही विकायला आलेलो नाही.

दुकानावरची पाटी तीच होती. आत एक जाडसर, हसरा माणूस कुंड्या पुसत होता.

"निगेमानबाई आहेत?"

"निगेमानबाई? त्या नोव्हेंबरातच गेल्या की. पासाउला, बहिणीकडे. गुडघे फार दुखायचे त्यांचे. दुकान मी घेतलं. होल्गर," त्याने ओला हात पुढे केला. "पाटी ठेवली तशीच. गावाला सवय आहे. आपण?"

"फुलांच्या कंपनीतून. हॉलंडहून."

"अरे वा! म्हणजे तुम्हीच ते!" होल्गरने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमच्या बटणावर तर दुकान चाललंय माझं. मी होतो गोदामात कामाला, मला फुलांतलं काय कळतंय? मी आपला नेहमीप्रमाणे दाबतो, आणि बायका म्हणतात, होल्गर, अगदी रोस्विथासारखा निवडतोस हो!"

क्राइन मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. तिथे आता खोके रचलेले होते.

"आणि हे काय? नवा नमुना आणलात?" होल्गरने कागदाकडे बोट केलं.

"हो," क्राइन म्हणाला. "नमुना."

होल्गरने जुडी सोडली, सराईतासारखा देठ कापायचा प्रयत्न केला आणि फुलं दारापाशी विकायच्या बादलीत ठेवली. पासाउचा नंबर त्याने आनंदाने दिला.

क्राइनने गाडीत बसून, दार लावून, तो फिरवला.

"निगेमान."

"मी क्राइन बोलतोय."

पलीकडे कुणी तरी रेडिओचा आवाज कमी केला. "हेर क्राइन. बरे आहात ना?"

"तुम्ही दुकान विकलंत, मला माहीत नव्हतं."

"असं कसं? मी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. तुम्हाला द्या म्हटलं, तर ती मुलगी म्हणाली, ते जेवायला गेलेत, पण मी नोंद करते, तेच बघतात तुमचं सगळं. पासाउचा नंबरही दिला मी तिला."

"माझ्यापर्यंत काही आलं नाही. माझ्या पडद्यावर दुकानच दिसतं. तुमचा माल जात होता, म्हणून मला वाटलं..." त्याने समोरच्या काचेवरची वाफ पुसली. "मला वाटलं, तुम्हीच आहात."

 ती बोलली ती अगदी हळू, जणू तिथे कुणी झोपलं होतं. "आणि मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही फोन केला नाहीत. नाताळपर्यंत मी वाट बघितली. या फोनला नंबर दिसत नाही, म्हणून वाजला की मीच धावायचे, बहीण हसायची. मग मी स्वतःला समजावलं, की माणूस गिऱ्हाइकाकडे यायचा. गिऱ्हाइकाशी चांगला वागायचा. त्यात त्याचं काय चुकलं?"

"तसं नव्हतं."

"हो. आता कळतंय."

"मी पासाउला येऊ?" त्याने विचारलं. वर्षानुवर्षं जे वाक्य निघालं नव्हतं ते असं सहज निघालं, कुणाला तरी वेळ विचारावी तसं.

"नका येऊ, क्राइन." त्याच्या नावाआधी तिने या वेळी काही लावलं नाही. "मला आता मंगळवार आला तरी कळत नाही. ते मी फार कष्टाने मिळवलंय. ते पुन्हा हरवायची ताकद माझ्यात नाही. रागावू नका."

"नाही रागावलो."

"गाडी सावकाश चालवा. डोंगरात अजून बर्फ असेल."

"आहे थोडा," तो म्हणाला. "कडेकडेला."

सोमवारी माख्टेल्डने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. म्हातारे मालकही आले होते, काठी टेकत. वर्षाचा आढावा होता. ती भिंतीवर एकेक आकडा दाखवत होती आणि मग तिने ब्रिलोनचं दुकान दाखवलं. कुठून तरी, पैशांच्या विभागातून, तिला कळलं होतं, की ते दुकान दुसऱ्याच्या हाती गेलंय.

"बघा. मालक बदलला, नवा माणूस फुलांतलं काही न कळणारा, आणि एक आठवडाही मागणी चुकली नाही. गिऱ्हाईक गेलं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही! याला म्हणतात पकड. आणि ही सगळी क्राइनकाकांची देणगी."

टाळ्या झाल्या. हाउखही वाजवणार होता, पण त्याचं क्राइनच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्याने हात मांडीवर ठेवले.

क्राइन आपल्या टेबलाशी गेला. त्याने होल्गरसाठी नवं खातं उघडलं, नव्या क्रमांकाचं, आवडीनिवडींचे रकाने मोकळे ठेवून. मग जुनं खातं बंद करायला घेतलं.

माख्टेल्ड धावत आली. "काका, हे काय करताय? असं केलंत तर गमावलेल्या गिऱ्हाइकांत दिसेल ते. आणि त्या बिचाऱ्याला आता काय मागवायचं ते कसं कळणार?"

"मी फोन करीन त्याला. शिकवीन."

"पण दुकान तर आहे ना आपल्याकडे!"

"दुकान आहे," क्राइन म्हणाला.

ती आणखी काही बोलणार होती. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. 'कॉफी' हा शब्द तिनेच स्वतःच्या हाताने भरला होता. तिने शेजारची खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

खातं बंद करण्याआधी पडदा कारण विचारत होता. खाली यादी होती: भाव जास्त, माल खराब, उशीर, दुसरी कंपनी. तो एकेकावरून खाली उतरत शेवटच्या 'इतर'वर आला. ते दाबल्यावर एक रिकामी ओळ उघडली, 'कृपया लिहा'. क्राइन त्या ओळीसमोर बसून राहिला. दुपारचे ट्रक अंगणातून बाहेर पडू लागले, काचा थरथरल्या आणि थांबल्या. मग त्याने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'आम्ही जाणं बंद केलं.'

पडद्याने ते घेतलं आणि पुढचं दुकान समोर आणलं.